हरणांचे मुखत्यार

तुरीत हरणं शिरली की लोक गोफण उचलतात. आमचे सुखदेवभाऊजी टोपी घालून बांधावर जायचे आणि हरणं मोजायचे. तीनपेक्षा कमी भरली की परत फिरायचे. "कोरम नाही, वहिनी," म्हणायचे. तीन भरली तर खिशातून कागद काढून वाचायचे, "सर्व सभासदांस कळविण्यात येते, की तूर खाऊ नये." सभासद खातच राहायचे.

भाऊजी माझ्या मालकाचे चुलतभाऊ. इंझोरीत वावराला वावर लागून. बायको वारलेली, मूलबाळ नाही. हरणं तूर खातात म्हणून त्यांनी तहसिलीत इतके अर्ज केले, की साहेबाला वाटलं, या माणसाचा जनावरांचा भारी अभ्यास आहे. नागपूरच्या सरकारनं वन्यपशू मंडळावर नेमायला एक शेतकरी मागितला, तेव्हा साहेबानं यांचंच नाव धाडलं. आमच्याकडे मंडळ म्हणजे भजनी मंडळ. भाऊजी कारंज्याहून गाडीत बसले ते टाळ घेऊन.

परत आले ते छाती काढून.

"समदे राजे न् शिकारी, वहिनी. कोन्या महिन्यात काय मारू नये, ते ठरवून राह्यले."

"न् आपल्या तुरीचं विचारलं काय?"

"कायले? आता मी हरनाचा मुखत्यार. आपल्याच पक्षकाराले हाकलू कसा?"

"मंग तुरीच्या जागी कागद शिजवा," मी म्हटलं.

दरसाल त्यांची अर्धी तूर हरणांच्या पोटात गेली. सभेचं बोलावणं आलं की धोतर दोनदा धुवायचे, आणि परतल्यावर आठ दिवस माझं डोकं खायचे.

मग राज्यच बदललं. नागपूरचं सरकार गेलं आणि आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला. तिकडे नवं मंडळ नेमलं जाणार, असं कळलं. भाऊजी रोज पोस्टमनची वाट अडवायचे. शेवटी तहसिलीतूनच कळलं, मंडळ नेमून झालं आणि त्यात यांचं नाव नाही.

"सुटले तुमी," मी म्हटलं. "आता उचला गोफण."

उचलली. मीही बांधावर जाऊन उभी राहिले. सहा-सात हरणं तुरीत होती. भाऊजींनी गोफण डोक्यावरून एकदा फिरवली आणि हात खाली सोडला. दगड त्यांच्याच पायाशी पडला.

"काहून, भाऊजी?"

"एवढेच तं येतात माह्याकडं."

दोन हरणं माझ्या तुरीत आली होती. मी भाऊजींच्या हातची गोफण घेतली आणि ती दोन तेवढी हाकलली, त्यांच्या वावरात.