ओळखीतला फौजदारी वकील नेमण्याची कार्यपद्धती

सुसंस्कृत माणूस वकील शोधत नाही. वकील ओळखीतून निघावा लागतो. ज्या समाजात आंब्याची पेटीसुद्धा ओळखीशिवाय घेत नाहीत, तिथे नुसती पाटी वाचून फौजदारी वकील नेमणं हा मूळ गुन्ह्यापेक्षा मोठा गुन्हा. बोरिवलीतल्या आमच्या चौसष्ट बिऱ्हाडांच्या सोसायटीने हे तत्त्व प्राणपणाने जपलंय. मी तिचा सेक्रेटरी, तेव्हा अभिमान वाटणारच.

प्रकरण असं. तिसऱ्या मजल्यावरचे विद्याधर, महापालिकेत हेडक्लार्क, निवृत्तीला चार महिने. पार्किंगवरून त्यांची आणि तळमजल्यावरच्या चंद्रप्रकाशांची जुंपली, चंद्रप्रकाश पडले, मनगट मोडलं आणि त्यांनी ढकलल्याची तक्रार ठोकली. दुसऱ्या दिवशी विद्याधरांना पोलिसांची नोटीस. अठ्ठेचाळीस तास कोठडीत गेले की निलंबन, हा नियम त्यांना तोंडपाठ होता (दुसऱ्यांसाठी त्यांनीच तो अनेकदा टाइप केला होता). बिचाऱ्यांची झोप उडाली.

नोटीस न वाचताच देवघरात, गणपतीच्या तसबिरीमागे गेली. असले कागद घरात उघडे ठेवू नयेत, हे त्यांच्या पत्नी नीलाताईंचं मत. मग रीतसर शोध सुरू झाला. रीत एकच: "एका मित्रासाठी विचारतोय."

आठवडाभरात सल्ला देणारे एकतीस. पैकी कायदा शिकलेले दोन (एक नापास). निघालेले वकील पुढीलप्रमाणे. नीलाताईंच्या मामेभावाचे वकील नामांकित, पण फक्त घटस्फोट करतात. मामेभावाच्या मते त्यातही मारामारी येतेच. दुसरे कुडाळचे, जमिनीच्या वादातले. फोनवर म्हणाले, "आधी सातबारो घेवन येवा." तिसऱ्यांनी वकिली सोडून म्युच्युअल फंड धरला होता; विद्याधर तिथून एसआयपी काढून परतले. मरोळचे चौथे तर देवमाणूस, दोन तास बसवून घेतलं, चहा पाजला. ते वकील नव्हते, वकिलाचे शेजारी होते.

कायद्याच्या शंकाही घरच्या घरी फिटल्या. अटकपूर्व जामीन कुठे होतो? (दिंडोशी कोर्टात, पण आत कोणीतरी हवं.) पोलिसांपुढे काय बोलायचं? (काही नाही. दुसरं मत: सगळं. तिसरं मत: माफी मागून मोकळं व्हायचं.) सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या मानसीने लिहिलं, "या वयात हात उचलतात? तुमच्या मित्राला अक्कल नाही का?" विद्याधरांनी त्यावर अंगठा टाकला. दुसरं काय करणार?

चंद्रप्रकाश पडल्याच्या नवव्या दिवशी हवालदार गेटवर विद्याधरांची चौकशी करून गेले. आता मात्र नीलाताईंनी नोटीस काढली, नवऱ्याला रिक्षात कोंबलं आणि कोर्टासमोरच्या पहिल्या पाटीखाली उतरल्या. अ‍ॅडव्होकेट अबोली. ना गाववाली, ना नात्यातली. सोसायटीत हे कळलं तेव्हा आम्हाला वाईट वाटलं.

कोणीतरी पहिल्याच दिवशी करायला हवी होती ती गोष्ट बाईंनी केली. नोटीस वाचली.

"काका, यात लिहिलंय, सोमवारी हजर राहा, अटक होणार नाही. सोमवारी कुठे होतात?"

"मरोळला," विद्याधर म्हणाले.

गुन्हा जामीनपात्र निघाला. बाई स्वतः पोलीस ठाण्यात गेल्या, जामीन झाला, विद्याधर संध्याकाळी घरी. पण खटला उभा राहणार आणि शिक्षा झाली तर छत्तीस वर्षांच्या नोकरीची वाट लागणार, तेव्हा बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली.

"काका, तुम्ही ढकललं होतं का?"

"नाही हो. ते घसरले. मी सावरायला हात पुढे केला."

"मग पार्किंगला कॅमेरा असेल ना?"

विद्याधरांनी मला फोन लावला. कॅमेरा आहे, झकास चालतो. चित्रण सात दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तोवर ते ऑफिसच्या कपाटातल्या मशीनमध्ये होतं आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात. मला कोणी विचारलंच नाही, मी तरी कशाला बोलू?

रविवारच्या सभेत विषय निघाला. ढकललं असणारच, नाहीतर माणूस वकिलामागे एवढा कशाला धावेल, यावर सर्वांचं एकमत झालं. तशी नोंद मी इतिवृत्तात घेतली आहे.

तुम्ही हसू नका. कुडाळ, मरोळ, म्युच्युअल फंड, सगळं मजेत वाचत तुम्हीही इथवर आलात. त्या माणसाने खरंच ढकललं होतं का, हे बाईंनी विचारेपर्यंत तुमच्या तरी मनात आलं होतं का?