वाघमारेची तहान

दिवसातून दहा ठिकाणी पाणी मागणारा, आणि तहान मुळीच न लागलेला, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वाघमारे. साठच्या दशकात कोरेगाव स्टेशनवर तो तिकीटबाबू होता आणि मी असिस्टंट स्टेशनमास्तर.

कचेरी असो, किराणा दुकान असो, लग्नाचा मांडव असो, आत शिरताच वाघमारेचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी पाणी, मग बोलणी." मग तो पाणी आणणाऱ्याचा हात बघत बसे. हात सरळ पुढे आला तर घटाघटा पिऊन "बेस!" म्हणे. हात अडखळला, पेला बदलला, की पाणी पुढे येईपर्यंत आपल्या पापण्या किती वेळा मिटल्या, ते तो मोजू लागे. बाहेर पडल्यावर निकाल: "दुकानदार तीन पापण्या. पोस्टातला दीड. सुधारतोय गडी."

छप्पन सालानंतर त्याच्या घरानं बुद्धाचा धर्म घेतला, तेव्हापासूनची ही सवय. "पयलं तहान लागली तरी मागत नव्हतो," तो सांगे. "आता न्हाई लागली तरी मागतो. मागली कसर काढाया नको?"

आमच्या दोघांच्या क्वार्टरची भिंत एक आणि नळही एकच. वाघमारेच्या बायकोनं, शांतानं, कळशी भरून नेली की माझी आई तोटीवर दोन तांबे पाणी ओतायची आणि मग आपली कळशी लावायची. मी त्या वेळी वर्तमानपत्र जरा वर धरायचो. वाघमारे रोज संध्याकाळी आमच्या पायरीवर गप्पा मारायला येई. नऊ वर्षं आला. गावभर पाणी मागणाऱ्या त्या माणसानं माझ्याकडे कधी घोटभरही मागितलं नाही. तो घरून पिऊन येत असेल, असं मी स्वतःला सांगत असे, आणि मला बरं वाटत असे.

शांताचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, वडूजच्या बाजूला झालं होतं. मूल आडवं होतं. जवळच्या दवाखान्यात नेलं, तर तिथल्या माणसानं तिला ओसरीवरच बसवून ठेवलं. लांबून विचारलं, लांबूनच औषध ठेवलं. पोटाला हात लावला नाही. शांता वाचली, मूल गेलं.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. तालुक्याच्या नर्सबाईंनी सांगून ठेवलं, "या वेळी घरी नको. मोठा दवाखाना बघा." माहेरची रीत मोडली म्हणून शांताची आई रुसली. शांता म्हणाली, "आई रुसली तर रुसूद्या. पर औंदा पोर हातात पायजे."

वाघमारेनं रेल्वेचा पास काढला आणि मला बरोबर घेतलं. "तुमी इंग्रजी बोला, मास्तर. मी पाणी पितो."

पहिला दवाखाना मीच सुचवलेला, सांगलीतला. माझ्या बहिणीचं बाळंतपण तिथं झालं होतं. डॉक्टरांचा हात चांगला म्हणून नाव होतं. तिथं वाघमारेला कसं वागवतील, हे मला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मी विचारच केला नव्हता.

डॉक्टर हसतमुख होते. "वाघमारे म्हणजे कुठले?"

"कोरेगावचे."

"तसं नव्हे. मूळचे?"

"मूळचे आईच्या पोटातले."

डॉक्टरांचं हसू जरा आखडलं. तेवढ्यात वाघमारेनं पाणी मागितलं. कंपाउंडरनं माझ्या हातात चकचकीत पेला दिला आणि टवका उडालेला एक कप खिडकीत ठेवून म्हणाला, "घ्या तिथून."

वाघमारे उठला. "डाक्तर, पाणी खिडकीत ठिवता. पोर कुठं ठिवाल?"

"हा दवाखाना आहे, पाणपोई नाही!"

"व्हय की. पाणपोईवर बरं देत्यात."

बाहेर आल्यावर मी चिडलो. "बायकोसाठी आलोय की भांडायला? त्यांचा हात चांगला आहे हो!"

"आसंल. पर त्यो लांबतोय किती, त्ये बघाया नको?" तो रस्त्यातच थांबला. "मास्तर, पाणी देताना ज्येचा हात मागं सरतोय, त्यो कळा देणाऱ्या बाईच्या पोटावर कसा पडंल? मागल्या खेपंला न्हाई पडला. मी बघितलंय."

 माझ्या हातून रिकामा झालेला तो चकचकीत पेला मला उगाच आठवला.

मिरजेत आणखी दोन दवाखाने झाले. एका ठिकाणी दोन पापण्या, एका ठिकाणी पेला विसळण्यात हात थांबला, पण तो आधी कुणीतरी वापरलेला होता, म्हणून वाघमारेनं संशयाचा फायदा देऊन एक पापणी माफ केली. एव्हाना त्याला चालवेना. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत टांगलेल्या भोपळ्यांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "तसं झालंय बघा पोट. वाजवून बघा, सूर लागंल."

शेवटच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर एक थोराड नर्स बाह्या दुमडून धावपळ करत होती. वाघमारे आडवा गेला. "बाई, पाणी मिळंल का?"

ती थांबलीच नाही. "तो काय माठ. हात आहेत ना? घ्या. आणि मला पण एक आणा, सकाळपासून उभी आहे मी."

वाघमारेच्या पापण्या उघड्या त्या उघड्याच राहिल्या. त्यानं माठातून पेला भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. पेला थरथरत होता. तिनं तो घेतला, एका दमात रिकामा केला आणि त्याच्या हातात परत कोंबला. "अर्धाच भरला होता का हो?"

"थरथरलं, बाई. सांडलं."

"मग अजून एक आणा!"

 घरी शांतानं विचारलं, "डाक्तर बाई हाय का बाप्या?"

"इचारलं न्हाई."

"खाटा किती?"

"बघितल्या न्हाईत."

"मग दिसभर बघितलंसा काय?"

"नर्सबाईनं माझ्या हातचं पाणी पिलं. दोन पेले."

शांता कपाळाला हात लावून म्हणाली, "बाळंत मी हुणार हाय का तुमचा माठ?" पण तिनं त्याच आठवड्यात ट्रंक भरली.

पुढे मिरज स्टेशनातून तारेवर खबर आली ती मीच टिपून घेतली. मुलगी झाली. आडवीच होती, हात घालून फिरवावी लागली. दोघी सुखरूप.

रविवारी मी भेटायला निघालो. आईनं डिंकाचे लाडू दिले, अगदी मनापासून, भरपूर तूप घालून. डबा हातात देताना म्हणाली, "डबा परत नको आणूस, तिकडेच राहू दे." मी "बरं" म्हणालो. आजही ते "बरं" मला ऐकू येतं.

वॉर्डात वाघमारे पोरीला मांडीवर घेऊन बसला होता. शांतानं टेकून बसत उशाशी ठेवलेल्या त्यांच्या घरच्या तांब्यातून पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. "उन्हाचं आलासा मास्तर, पाणी घ्या."

नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मी हात पुढे केला. केला, हे खरं. पण लगेच केला असं मी कुणाला शपथेवर सांगू शकणार नाही.

आणि गावभरच्या माणसांच्या पापण्या मोजणारा वाघमारे त्या क्षणी खिडकीकडे तोंड फिरवून बसला. खिडकीबाहेर काही नव्हतं, समोरच्या इमारतीची कोरी भिंत होती. माझा पेला रिकामा होईपर्यंत तो पोरीला तीच दाखवत राहिला.