ओल्यावर रंग मारत नाहीत

गाड्या रंगवण्यात इजिप्तच्या अख्ख्या तांता शहरात माझा हात धरणारा कोणी नाही! हे मीच सांगतो, कारण बाकीचे सांगायला विसरतात. चेपलेली, गंजलेली, तीनदा खांबाला धडकलेली टॅक्सी माझ्या गॅरेजात आणून सोडा. नवरीसारखी नटवून परत देतो. आणि या धंद्याचा पहिला धडा ठाऊक आहे? ओल्यावर रंग मारायचा नाही! खाली ओल राहिली की वरचा थर फुगतो, फोड येतात, पत्रा सडतो. एवढं ज्याला कळतं, त्याला एका तान्ह्या पोरीचं बूड बरं करणं काय अवघड?

लमीस, आमची पहिली मुलगी, जन्मली तेव्हा लोण्याचा गोळा होती. चारच दिवस झाले असतील, डायपर सोडला आणि बघतो तर काय? लालभडक! पोर पाय आखडून अशी किंचाळायची की माझी बायको नग्ला तिला छातीशी धरून स्वतःच रडत बसायची.

"तिला आग होतेय रे, सब्री," नग्ला म्हणाली. "आणि सातव्या दिवशी सुबू. सगळं गोत जमणार, नाव ठेवणार, चाळणीत घालून हलवणार. हिला कसं सोसवणार?"

मी छातीवर हात मारला. "सुबूच्या आत हिचं बूड नव्या पत्र्यासारखं करून दाखवतो. शब्द आहे माझा!"

शब्द दिला तेव्हा माझ्या सासूबाई, हाज्जा फिक्रिया, दारात उभ्या होत्या. त्या बाळंतपणासाठी आल्या होत्या त्या दोन बदकं, एक रजई आणि कॉर्नफ्लोअरचे तीन पुडे घेऊन. बदकं आणि रजई मला कळली होती. पुडे आत्ता कळले.

"जावईबापू, मी पाच वाढवली," त्या म्हणाल्या. "कॉर्नफ्लोअर चोपडायचं, दोन डायपर चढवायचे, वरून घट्ट गुंडाळायचं. वारा लागता कामा नये!"

"पण हाज्जा, आतली ओल?"

"कसली ओल? पोर आहे की होडी?"

मी कंबर कसली आणि लमीसला घेऊन तडक डॉक्टर इग्लाल यांच्याकडे गेलो. बाईंनी गुंडाळलेलं सोडलं, पाहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पीठ कोण लावतंय?"

"घरातल्या वडीलधाऱ्या..."

"आजपासून बंद. ते घड्यांमध्ये साचतं आणि उडालं की बाळाच्या श्वासात जातं. ओलं झालं की लगेच बदला. कोमट पाण्याने धुवा, घासू नका, टिपून कोरडं करा. जमेल तितका वेळ उघडं ठेवा. मग झिंकच्या मलमाचा जाड थर, आणि डायपर सैल. दोनतीन दिवसांत उतार पडला नाही, फोड आले किंवा ताप आला, तर लगेच आणा."

मला बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. ही तर माझीच विद्या! "म्हणजे डॉक्टर, आधी धुणं, मग सुकवणं, मग अस्तराचा हात!"

बाईंनी चिठ्ठीवर मलमाचं नाव लिहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "पण फवारायचं नाही. बोटाने लावायचं."

घरी येऊन मी हाज्जांना सगळं समजावलं. त्यांनी "हो हो" म्हटलं. मला इथेच शंका यायला हवी होती. तासाभराने डायपर बदलायला गेलो, तर मांडीच्या घडीत चक्क कणीक! एक छोटी पोळी सहज लाटून झाली असती.

"हाज्जा!"

"थोडंसंच लावलं. त्या डॉक्टरीणबाईंना मुलं किती, ते विचारलंस का?"

आता हा माझ्या लेकीचा प्रश्न होता, आणि लेकीसाठी मी सासूशीच काय, पोलीस ठाण्याशीही भांडलो असतो. पण भांडलो नाही, डोकं चालवलं. दुपारी हाज्जा घोरायला लागल्या तसे तिन्ही पुडे उचलले आणि फ्रिजवरच्या उंच पत्र्याच्या डब्यात रिकामे केले. डब्याच्या तळाशी कसलीशी फिकट पूड होती. जुनं पीठ असेल म्हणून मी झाकण दाबून बसवलं. मग कोपऱ्यावरच्या शिनूदाकाकांच्या दुकानात जाऊन बजावलं, "काका, आमच्या घरी कोणालाही कॉर्नफ्लोअर द्यायचं नाही!"

"का रे बाबा?"

"बाळाच्या तब्येतीला वाईट!"

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली की सब्रीची पोर आतापासूनच कॉर्नफ्लोअरची खीर ओरपते आणि बापाने तिला पथ्यावर ठेवलंय! दोन बायका तिचे दात बघायला येऊन गेल्या.

पण पुडे गेल्यावर आमचं काम सुरळीत झालं. हाज्जा सुबूच्या खरेदीला गेल्या की मी आणि नग्ला लमीसला मऊ फडक्यावर उघडी निजवायचो. धुवायचो, टिपायचो, हवा द्यायचो, मलम लावायचो. हाज्जा परतल्या की त्या तिला पुन्हा गुंडाळायच्या, आणि त्यांची पाठ वळली की मी सोडायचो. दिवसभर आमचं हेच चालायचं. तरी लाली थोडी मवाळली, आणि मी मिशीत हसू लागलो.

सुबूचा दिवस उजाडला. घर माणसांनी गच्च भरलं. स्वयंपाकघरात माझी मोठी बहीण इन्शिराहताई मुघात करत होती. सुबूला आलेल्या प्रत्येकाला ते द्यावंच लागतं. औषधी मुळांची पूड तुपावर परतायची, साखर-पाणी घालायचं, वरून शेंगदाणे आणि खोबरं. गरमागरम पेल्यांतून ते बाहेर आलं. पहिला पेला हाज्जांचे भाऊ बहगतमामा यांना मिळाला. त्यांनी घोट घेतला. म्हणजे घेऊ बघितला. पेला उलटा केला, पण काही खाली येईना!

"ताई," मामा अदबीने म्हणाले, "हे प्यायचं की कापायचं?"

"तुम्ही ढवळा ना, मामा!"

मामांनी ढवळायला चमचा घातला. तो उभाच राहिला. तेवढ्यात त्यांच्या मिशीला लागलेलं वाळलं, आणि त्यांना बोलता येईना. कपड्यांना घालायची खळ झाली होती नुसती!

"मी नेहमीच्याच डब्यातली पूड घेतली हो!" ताई रडकुंडीला आली. "फ्रिजवरच्या उंच डब्यातली!"

मी हळूच दाराकडे सरकलो. हाज्जांनी पेल्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि सावकाश माझ्याकडे वळल्या.

"हे माझं कॉर्नफ्लोअर आहे. सब्री!"

मी तिथून काढता पाय घेतला तो थेट आतल्या खोलीत, जिथे लमीस निजली होती. म्हणजे निजली नव्हती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. झालरीच्या लांब पांढऱ्या झग्याखाली दोन डायपर, वरून शाल करकचून बांधलेली, आणि आत सगळं चिंब. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई, मुघात, मामांची मिशी, सगळं गेलं खड्ड्यात! मी शाल सोडली, तिला धुतलं, टिपलं आणि मलमाचा हात दिला. मग हवा लागावी म्हणून तशीच ठेवून झगा फक्त खाली ओढला. पोर हळूहळू शांत झाली. माझं बोट धरून झोपली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"दे इकडे! चाळणी खोळंबली आहे!" हाज्जांनी तिला माझ्या हातातून उचललंच.

"हाज्जा, थांबा, तिने आत..."

"एक शब्द नाही! तुझं आजचं सगळं बोलून झालंय!"

मी मागे धावलो. दिवाणखान्यात लमीसला जमिनीवरच्या मोठ्या चाळणीत ठेवलं. नग्ला रीतीप्रमाणे चाळणी ओलांडू लागली, आणि इन्शिराहताईने बाळाच्या कानाशी पितळी खलबत्ता बडवायला सुरुवात केली. त्या वेळी बायका काय ओरडतात, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं.

"आईचं ऐक!" खण्!

"हाज्जा, ऐका माझं!" मी ओरडलो.

"बापाचं ऐकू नकोस!" खण् खण्!

"अहो, तिला डायपर नाही!"

"बापाचं ऐकू नकोस!" आता सगळ्या बायका एका सुरात. माझं तोंड उघडलं की त्यांना आणखी चेव यायचा. हाज्जांनी चाळणी कमरेपर्यंत उचलली आणि झोकात हलवली.

चाळणीचं काम काय, तर चाळणं. तिने ते चोख केलं.

हाज्जांच्या हिरव्या मखमली सपाता मक्केहून आल्या होत्या, सणावारालाच निघायच्या. धार बरोबर त्यांच्यावर. आधी डावी, मग उजवी. खलबत्ता थांबला. एवढ्यात बहगतमामांची मिशी सुटली.

"चाळणी उत्तम आहे," ते म्हणाले. "काही अडकत नाही."

हाज्जांनी झगा वर केला. "उघडी? माझ्या नातीला उघडी ठेवलीस?"

"अम्मा," नग्ला पहिल्यांदाच मोठ्याने बोलली, "ओरडण्याआधी बघ तरी."

सगळ्याजणी वाकल्या. मलमाच्या कडेने लाली उतरली होती, फिकट गुलाबी झाली होती. आणि एवढ्या खणखणाटात, एवढ्या गोंधळात लमीस रडत नव्हती! लाली आल्यापासून पहिल्यांदा पाय मोकळे पसरून ती निवांत पडली होती. मला इतका आनंद झाला की मी कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरलं.

हाज्जांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. "हं," एवढंच म्हणाल्या, आणि पाय धुवायला गेल्या. त्यानंतर लमीसला कोणी गुंडाळलं नाही. आठवड्यात तिचं बूड खरोखर नव्या पत्र्यासारखं झालं. जिंकलो!

पुढच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या उम्म झकी आपल्या किंचाळणाऱ्या नातवाला घेऊन आल्या. मी लमीसला मांडीवर घेऊन बसलो होतो. कोणी विचारलं तर सांगायला घसा साफ करून ठेवला होता.

"कॉर्नफ्लोअर लावताय?" हाज्जा कडाडल्या. "फेका ते! धुवा, टिपा, हवा द्या, झिंकचं मलम लावा, डायपर सैल बांधा. अहो, ओल्यावर कधी रंग मारतात का?"

"हाज्जा," मी चाचरत म्हणालो, "हे वाक्य माझं..."

"तू मध्ये बोलू नकोस. उम्म झकी, याला तर वारासुद्धा चालत नव्हता. मीच ठणकावलं, पोरीला हवा दे!"

"लमीस," मी काकुळतीला येऊन म्हटलं, "तू तरी सांग गं!"

लमीसने माझ्याकडे पाहिलं, शांतपणे आजीकडे मान वळवली आणि माझी विजार भिजवली. ताईने तो खलबत्ता जरा हळू बडवायला हवा होता!