अकराव्या नमुन्याबद्दल एक्केचाळीस तक्रारी

"माझ्या पुस्तकात शास्त्राची एक चूक काढून दाखव, पेन मोडून टाकीन!" असं नमुनेराव बायकोला दिवसातून दोनदा तरी सांगायचे. ती बिचारी भाजी निवडत "बरं" म्हणायची.

आता नमुनेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणी तपासणी प्रयोगशाळेत सहायक. रोज सकाळी होडीत बसायचं, गावाला पाणी पुरवणाऱ्या तलावात ठरलेल्या दहा जागी बाटल्या बुडवायच्या आणि नमुने घेऊन परत यायचं. चौदा वर्षं हेच केल्यावर माणसाला दुसरं काय नाव पडणार? पण आता हे गृहस्थ लेखक झाले होते! 'अकरावा नमुना' ही त्यांची कादंबरी नुकतीच बाहेर आली होती. तलावावर हिरवा तवंग येतो, मासे पटापट मरतात, आणि ज्यानं सगळं सिद्ध होणार तो अकरावा नमुनाच गायब! गायब करणारा कोण? तर प्रयोगशाळेचे प्रमुख! म्हणून तर पुस्तकावर टोपणनाव होतं. कारण खऱ्या प्रयोगशाळेलाही एक प्रमुख होते, आणि कादंबरीतल्यासारखीच त्यांनाही बोलता बोलता रुमालानं चष्मा पुसायची सवय होती.

प्रकाशकानं प्रत्येक प्रतीत एक कार्ड चिकटवलं होतं. वाचकांनी मत लिहायचं आणि टपालात टाकायचं. दोन महिने झाले, पण एक कार्ड येईल तर शपथ!

"अहो, पोस्टमन दिसला की असे दाराकडे धावू नका," बायको म्हणाली. "परवा तो मला विचारत होता, कुत्रा कधी पाळलात म्हणून."

"वाचक अवाक झाले असतील गं."

"झालेच असणार. एक अक्षर फुटत नाहीये त्यांच्या तोंडून."

घरी हा दुष्काळ, तर कचेरीत नुसता महापूर! तलावाबद्दल तक्रारी येऊ लागल्या होत्या. आधी चार, मग अकरा, मग तीस. आवक-जावकच्या बाई प्रत्येकीवर धाडकन शिक्का मारत, वहीत क्रमांक घालत आणि फाइल थेट प्रमुखांकडे, म्हणजे मोठ्या साहेबांकडे नेत. साहेब रोज दोनदा ओरडत, "नमुनेराव, पुन्हा होडी!"

नमुनेराव पुन्हा होडीत. पाणी आरशासारखं स्वच्छ. तपासणीही स्वच्छ. तक्रारी मात्र वाढतच होत्या.

"किती बघाल त्याच्याकडे?" वल्हं मारता मारता नावाडीकाका म्हणाले. "तलावसुद्धा लाजायला लागला आता."

पण नमुनेरावांना हसू येईना. एवढी माणसं ओरडतात म्हणजे काहीतरी असणारच! चौदा वर्षांत कधी नाही ते घरचं पाणी त्यांनी दोनदा उकळायला लावलं. जेवण जाईना. तपासणीत आपलंच काही चुकत असेल तर? उद्या कुणाच्या पोराबाळाला काही झालं तर?

गुरुवारी सकाळी साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर एक्केचाळीस कार्डांचा गठ्ठा होता.

"बसू नका," साहेब म्हणाले. "ऐका. तक्रार क्रमांक सात: 'मासे मेले तिथपासून माझी झोपच उडाली.' क्रमांक बारा: 'आमच्या सासूबाईंनी नळाचं पाणी प्यायचं सोडलं.' क्रमांक एकोणीस: 'नावाडी बुडाला तेव्हा मी ढसाढसा रडले.' नावाडी बुडाला? कधी? मला कुणी कळवलं का नाही?"

खिडकीबाहेर नावाडीकाका होडीला रंग देत शीळ घालत होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "हे नसतील. आधीचे कुणी असतील."

नमुनेराव मनात जुळवू लागले. मासे, सासूबाई, नावाडी... मासे आणि नावाडी तर त्यांनीच मारले होते! नावाडी पान तेरावर, मासे पान एकवीसवर!

"क्रमांक तेवीस!" साहेबांचा आवाज चढला. "'अकरावा नमुना सापडेपर्यंत मी जेवलो नाही!' नमुनेराव, आपण दहा नमुने घेतो. हा अकरावा कुठला? तो गावाला ठाऊक, आणि मला नाही?"

नमुनेरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी त्यांच्या काळजात गुदगुल्याही होत होत्या! एक्केचाळीस वाचक! एक तर जेवला नाही म्हणतो! त्यांना राहवेना.

"साहेब, सापडल्यानंतरचं काही लिहिलंय का हो? म्हणजे शेवट कसा वाटला वगैरे?"

"अस्सं! म्हणजे तुम्हाला माहीत आहे!" साहेबांनी रुमाल काढून खसाखसा चष्मा पुसला. "संध्याकाळी पाचपर्यंत अकरावा नमुना माझ्या टेबलावर हवा. नाही आला, तर तुम्ही निलंबित, आणि उद्या पहाटेपासून गावाचं पाणी बंद!"

नमुनेरावांनी बाहेर येऊन आधी प्रकाशकाला फोन लावला. कार्डावर कुठला पत्ता छापलात?

"तुमच्याच कागदावरचा," प्रकाशक म्हणाला. "हस्तलिखितासोबत तुम्ही पत्र नव्हतं का पाठवलं? त्यावर वर छापलेलंच होतं: प्रमुख, पाणी तपासणी प्रयोगशाळा. आम्हाला वाटलं तुम्हीच प्रमुख!"

"आणि कार्डावर पुस्तकाचं नाव?"

"पुस्तकातच चिकटवलंय म्हटल्यावर नाव कशाला? उगाच शाई!"

"पण मला दिलेल्या प्रतींत तर कार्ड नव्हतं!"

"लेखक काय स्वतःलाच मत कळवणार आहे?"

कोरा कागद विकत आणायचा आळस केला आणि कचेरीचा वापरला, तो असा उलटला. हात दाखवून अवलक्षण! नमुनेरावांनी घरी फोन लावून सगळं सांगितलं.

"मग भरून द्या की एक बाटली, म्हणा हाच अकरावा," बायको म्हणाली.

"अगं, स्वच्छ पाणी दिलं तर तवंग लपवला म्हणतील, आणि तवंग आणू कुठून?"

तिनं हातातली भाजी बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाली, "अहो, नोकरी जायचीच असेल तर निदान खरं बोलून जाऊ दे. आणि गावाला तहानलेलं ठेवू नका हो. घाबरली असतील माणसं."

पाचला पाच कमी असताना नमुनेराव आत गेले. त्यांनी पिशवीतून कादंबरी काढली आणि टेबलावर ठेवली.

"साहेब, हा अकरावा नमुना. लिहिणारा मीच."

साहेबांनी मुखपृष्ठ पाहिलं. एक कार्ड पाहिलं. पुन्हा मुखपृष्ठ पाहिलं. मग गावाचं पाणी बंद करायचा कागद शांतपणे फाडला, पुस्तक बॅगेत टाकलं आणि घरी निघून गेले.

शुक्रवारी साहेब रजेवर. शनिवार, रविवार सुट्टी. साहेब आता वाचतायत, आता चष्म्यापाशी आले असतील, या विचारानं नमुनेराव निम्मे झाले. सोमवारी टेबलावर साहेबांचं पाकीट होतं. वर शिक्का: तक्रार क्रमांक बेचाळीस.

"आधी सांगा," त्यांनी बाईंना विचारलं, "तो दुष्ट प्रमुख साहेबांना कसा वाटला?"

"आवडला की! म्हणाले, कामाचा माणूस आहे, चष्मा स्वच्छ ठेवतो."

नमुनेरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि पाकीट फोडलं.

'पान ९२. नायक जंतुतपासणीची बाटली काठोकाठ भरतो. चूक. हलवण्यासाठी वर बोटभर जागा सोडावी लागते. आपण प्रत्यक्षातही असंच करता काय? खुलासा करावा. दहाही जागांचे नमुने नव्याने घ्यावेत. शिवाय वहीत चढलेली तक्रार खोडता येत नसल्यानं सर्व एक्केचाळीस तक्रारदारांना, पाहणीअंती मासे जिवंत आढळल्याचं लेखी कळवावं.'

दुपारी पुन्हा होडी. नावाडीकाका आज जरा घुश्शातच वल्हं मारत होते.

"बाईंनी दिलं मला तुमचं पुस्तक," ते म्हणाले.

नमुनेरावांची बाटली हातातच राहिली. "वाचलंत? कसं वाटलं?"

"तेरा पानं वाचली. तिथं मी बुडालो. मी मेल्यावर पुढचं वाचून काय करू?"

"अहो, ते तुम्ही नव्हेच..."

"आणि बुडालो कुठं, तर धक्क्यापाशी! तिथं पाणी किती? कमरेएवढं! चाळीस वर्षं पोहणारा माणूस कमरेएवढ्या पाण्यात बुडतो? हे कुठलं हो तुमचं शास्त्र?"

नमुनेरावांनी बाटली बुडवली, वर बोटभर जागा सोडली, आणि काकांचं लक्ष नाही असं बघून वरच्या खिशातलं पेन हळूच आतल्या खिशात सरकवलं.