दगडातली हळद

आमच्या शेजारचे परशरामसर जेवायला बसले की आधी दिवा घालवतात. मग खिशातून जांभळ्या उजेडाची एक टॉर्च काढून आमटीवर मारतात. आमटी पोपटी चमकली की म्हणतात, "हाय, हळद हाय," आणि मगच पहिला घास घेतात. शहापुरातल्या आमच्या गल्लीत त्यांनी हे केलं नाही असं एकही घर नसेल. आमच्याकडं सत्यनारायणाच्या पंगतीतही केलं. माणसं आमटी बघत बसली आणि माझा भात गार झाला.

सर कॉलेजात शिकवतात आणि उरलेला वेळ संशोधन करतात. संशोधन काय, तर झिओलाइट नावाचा एक दगड असतो. त्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. त्या भोकांत हळदीचा रंग बसवायचा, वरून लेझरचा झोत टाकायचा, आणि रंग किती वेळ चमकतोय ते मोजायचं. मोकळी हळद उगीच हातपाय हलवते आणि लगेच विझते, दगडात बसली की जरा जास्त टिकते, असं त्यांचं म्हणणं. आमचे हे माग चालवतात, बोलायला फटकळ. एकदा म्हणाले, "सर, दगडाला हळद तर आम्ही आज्ज्या-पणज्यापासनं लावतोय. त्याला लेझर कशाला पायजे?"

सर रागावले नाहीत. "लावता व्हय, पण मोजता काय?" एवढंच बोलले.

मोजायचं तरी काय, तर एका सेकंदाचे लाख कोटी तुकडे करायचे आणि त्यातल्या मूठभर तुकड्यांचा हिशेब ठेवायचा. एवढ्या बारीक वेळेचा मालक, पण सकाळची बस त्यांना कधी गावली नाही. ती गेल्यावर स्टॉपवर येऊन उभे राहतात आणि ड्रायव्हरला लई घाई असते म्हणून त्यालाच नावं ठेवतात.

घर सांभाळायची त्यांची धाकटी बहीण, सुमन. आईबाप गेल्यावर घरात दोघंच. सरांनी लग्न केलं नाही, आणि ती चाळिशीला आली तरी तिचंही जमलं नाही. गल्ली म्हणायची, ही ह्यांना सोडून जाते कसली आणि हे तिला सोडतात कसले. मग निपाणीच्या एका मास्तरांचं स्थळ आलं. पहिली बायको वारलेली, पण माणूस सज्जन. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुमीला पसंत हाय न्हवं? मग झालं." मी तर चाट पडले.

हळदीच्या दिवशी मात्र स्वारी मूळ स्वभावावर गेली. ऐन रंगात हॉलचे दिवे घालवले आणि नवरीवर टॉर्च मारली. सुमन पोपटी उजळली. निपाणीकडची एक म्हातारी, "अगं बाई, पोरीला काय झालं गं," म्हणत अंगारा हुडकायला लागली. सुमनची हसून हसून पुरेवाट. तिनं हळदीनं भरलेला पंजा तसाच सरांच्या पांढऱ्या शर्टावर, पाठीवर उमटवला आणि दुसऱ्या दिवशी लग्न लागून निपाणीला गेली. आता निपाणी काय सातासमुद्रापार आहे? बसमध्ये एक डुलकी काढली की आलं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडं भाकरी द्यायला गेले. दार उघडं, सर घरात नव्हते. आतल्या अंधाऱ्या खोलीत दोरीवर तो शर्ट, पाठीवरचा पंजा तसाच. म्हटलं, बापड्याला कोण सांगणार? हळदीचा डाग उन्हात टाकला की आपसूक उडतो, हे बायकांना कॉलेजात जाऊन शिकावं लागत नाही. मी शर्ट उचलला आणि अंगणात रणरणत्या उन्हात पसरला. वर मनात म्हटलं, शेजारधर्म झाला.

थोड्या वेळानं कोपऱ्यावरून सर आले. शर्ट बघितला आणि पळतच सुटले. एक चप्पल वाटेतच राहिली. त्यांनी शर्ट ओढून घेतला, छातीशी धरला आणि सावलीत जाऊन उभे राहिले.

"सर, उन्हात डाग जातोय," मी म्हटलं.

"ठावं हाय वैनी. आयुष्यभर तेवढंच तर शिकलोय मी."

त्यांनी शर्टाची पाठ उलगडून बघितली. बोटांची टोकं फिकी झाली होती, तळवा शाबूत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शर्टाची घडी घालत ते खालमानेनं म्हणाले, "कॉलेजातनं आलो की सुमी रोज विचारायची, अण्णा, आज किती वेळ चमकली? तिला त्यातलं काय कळायचं न्हाय. पण विचारायची. आता घरात कोण विचारत न्हाय. लई जड जातंय, वैनी."

घरी गॅसवर माझी भाजी होती. मी पायरीवर बसले आणि विचारलं, "अण्णा, आज किती वेळ चमकली?"

सरांनी डोळे पुसले आणि शेजारी बसले. "सांगतो," म्हणाले, "पण वैनी, जरा येळ लागंल."