आप्पांचा लांबडा पेशंट

आमच्या शेजारचे आप्पा माणसांची विचारपूस म्हशींसारखी करतात. "खातंय का? पाणी पितंय का? शेण कसं हाय?" जनावरांच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं कंपाउंडर होते. रिटायर झाल्यावर म्हशी सुटल्या, प्रश्न राहिले. माझे मेहुणे जयसिंगपूरहून आले, तर आप्पांनी फाटकातच त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. "पावणं, रगात कमी हाय. जंत झाल्यात." मेहुणे पुन्हा आले नाहीत.

आवाज असा, की आप्पांनी घरात गुपित सांगितलं तरी ते कोपऱ्यावरच्या पानपट्टीला आधी कळतं.

हे मजेत सांगतोय खरा, पण आत एक अपराध आहे, आणि तो माझा आहे.

माझ्या मुलाने हौसेने एक परदेशी साप पाळला होता. केशरी रंगाचा, बिनविषारी, रीतसर कागदपत्रांसह. नोकरीसाठी बंगळूरला जाताना त्याने काचेची पेटी माझ्या हवाली केली. पेटीत उबेला दिवा, आणि आठवड्याला एक उंदीर, एवढंच सांगून गेला. आमचं लिंगायतांचं घर, अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. मी 'बघू' म्हणालो, आणि नागपंचमीला आई ठेवायची तशी बशीत दूध ठेवू लागलो. रोज थोडं कमी झालेलं दिसायचं. ते दिव्याच्या उबेनं आटतंय, हे हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला कळू नये? कळत होतं. मुलगा फोनवर विचारायचा, मी म्हणायचो, "मजेत आहे." असे तीन महिने गेले.

सापाच्या अंगाला सुरकुत्या पडल्या, कणा वर आला, तेव्हा पेटी उचलून आप्पांकडे गेलो.

"काय घालत हुता ह्याला?"

"दूध."

"साप हाय मास्तर, बाळंतीण न्हाय!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

आप्पांनी जन्मात साप तपासला नव्हता. पण ओळखीच्या डॉक्टरांना फोन करकरून सगळं विचारून घेतलं. कोमट पाण्याची परात, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, आणि भिंतीवर तक्ता: 'पेशंट: लांबडं. मालक: मास्तर. आजाराचं कारण: मास्तर.' एकदा पाणी घ्यायला त्यांचा फ्रीज उघडला, तर वरच्या खणात श्रीखंडाचा डबा. झाकण काढलं, तर आत शेपट्या. तेव्हापासून मी श्रीखंड खात नाही.

दोन आठवडे पेशंटनं कशालाच तोंड लावलं नाही. आप्पाही अर्धवट जेवू लागले. मला रोज वाटायचं, आज तक्त्यावर शेवटची रेघ असेल, आणि मग मुलाला काय सांगू? तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी भिंतीपलीकडून गर्जना आली, "गिळलं! मास्तर, गिळलं की वो!" मी बनियनवर धावलो. नखाएवढं उंदराचं पिल्लू होतं, पण आप्पांनी गल्लीत पेढे वाटले.

परवा दुपारी सापाला बघायला गेलो. दार उघडंच होतं. आप्पा पेटीपाशी वाकून हळू आवाजात बोलत होते. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"...अर्धी भाकरी ताटात टाकायची. मला वाटायचं, रुसलीया. गावभरच्या म्हशींचं खाणं वहीत लिवलं म्या. घरातल्या बाईकडं बघितलं न्हाय."

आप्पांच्या बायकोला, आमच्या काकींना, जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्याबद्दल आप्पा कधी चकार शब्द बोलले नव्हते. मी म्हणालो, "आप्पा, सापाला ऐकू येत नाही."

त्यांनी मागे न बघता म्हटलं, "ठावं हाय. तुमच्या पोराला येतंय न्हवं?"

मी तिथंच फोन लावला. "बोला बाबा," मुलगा म्हणाला.

"तुझ्याशी खोटं बोललो," म्हणालो, आणि बशीतल्या दुधापासून सांगायला लागलो.

आप्पा उठले. आपली खुर्ची माझ्याकडे सरकवून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. गल्लीत भाजीवाला ओरडत होता. त्याच्याही वरताण आप्पांचा आवाज मला आत ऐकू आला,

"ए, गप की जरा! आत माणूस बोलतोय."