साडूसाठी थंड धूर

ताईचा नवरा औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवरची लेबलं सरळ लागलीत की नाहीत, एवढंच बघायचा. आणि तेवढ्या भांडवलावर आपल्याला यंत्रांतलं सगळं कळतं अशी त्याची खात्री होती. या खात्रीचा पसारा घराच्या मागच्या खोलीत पडला होता. मोडके पंखे, नळ्या, वायरींची भेंडोळी, झाकणं नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं. त्या खोलीत ताईला आपलं शिलाई मशीन मांडायचं होतं. ते बिचारं पलंगाखाली पडलेलं असायचं, आणि दर वेळी ओढून काढताना ताईच्या कमरेत अशी कळ यायची की शिवायचं काय होतं तेच ती विसरायची.

त्यात त्याच्या साडूने, ताईच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, धुराचं यंत्र विकत आणलं. म्हणजे एक बंद पेटी, तीत लाकडाचा धूर सोडायचा आणि खाण्याच्या वस्तूला त्याचा वास लावायचा. साडूने एकदा बोलावून धुरावरचं चीज खायला घातलं, आणि तेव्हापासून धाकटीच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. आधीच ती नाकाने कांदे सोलणारी. फोन कशासाठीही केलेला असो, गाडी यायची ती "आमच्या मशीनवर कसं" याच्यावरच.

नवऱ्याला हे सोसवेना. त्याने कारखान्याच्या भंगारातलं एक लोखंडी कपाट अंगणात आणून उभं केलं, फळीवर चीज ठेवलं आणि खाली भुसा पेटवला. थोड्या वेळाने चीज स्वतःच खाली उतरून आलं. धूर गरम असतो, हा शोध त्याला असा लागला. मग त्याने जाहीर केलं की आता धूर कपाटाबाहेर, वेगळ्या डब्यात करायचा, लांब नळीतून गार करत कपाटात सोडायचा, आणि रविवारी साडूला जेवायला बोलावून त्याची जिरवायची.

"आणि नाही जमलं तर?" ताईने विचारलं.

"नाही कसं जमेल?"

"नाही जमलं तर मागची खोली माझी. सगळं भंगार बाहेर."

"दिली," तो म्हणाला. स्वतःच्या हुशारीवर पैज लावताना त्याचा हात कधी आखडत नसे.

बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्याला त्याने पुढून नळी जोडली आणि मागच्या बाजूला जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला. पंख्याने आत वारा घालायचा, म्हणजे धूर नळीतून कपाटात जाईल, असा हिशेब. एकदा आधी लावून बघा, असं ताईने सुचवलं, तर त्याने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांच्या बाटल्या तपासणाऱ्या या माणसाला स्वतःचा डबा तपासणं मात्र अपमानाचं वाटत होतं.

रविवारी ताईने जेवणाच्या टेबलावर इस्त्रीची चादर घातली, सुती रुमाल घड्या करून ठेवले आणि ती पाव आणायला गेली. परतली तेव्हा नवरा कपाटासमोर खुर्ची टाकून बसला होता. कपाटाला अडकवलेला तापमापक त्याने तिला कौतुकाने दाखवला. काटा जागचा हलला नव्हता. याला म्हणतात थंड धूर, तो म्हणाला.

"धूर दिसत नाही तो कुठे?"

"चीज पितंय ना सगळा."

ताईने कपाटाचं दार उघडलं. चीज दुकानातून आलं होतं तसंच गोरंगोमटं बसलं होतं. मग ती डब्याच्या मागे गेली आणि तिने कपाळाला हात लावला. पंखा डब्यातला धूर ओढून बाहेर फेकत होता, आणि बाहेर म्हणजे थेट जेवणाच्या खोलीच्या उघड्या खिडकीत. आत चादर, पडदे, गाद्या आणि ते रुमाल ती गेल्यापासून धूर पीत होते.

"पंखा उलटा बसवलाय तुम्ही."

"उलटा कसा? हे बघ, नाव बाहेरून वाचता येतंय."

बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं. लेबल बाहेरून वाचता यावं म्हणून त्याने पंख्याचं तोंडच बाहेर केलं होतं. त्याचा चेहरा एवढासा झाला. "उद्या खोली रिकामी करतो," तो पुटपुटला. ताईला हसू आवरेना. शिलाई मशीन खिडकीपाशी ठेवायचं, हे तिने उभ्या उभ्याच ठरवून टाकलं. तेवढ्यात फाटक वाजलं.

धाकटी आत येतायेताच म्हणाली, "ताई, काही करपलंय का ग?" साडू खुर्चीत बसला, रुमाल झटकून त्याने गळ्याशी खोचला, तो पार हनुवटीपर्यंत. ताईने तसंच कोरं चीज वाढलं. साडूने तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"साडूभाऊ, मानलं तुम्हाला. हा धूर आमच्या मशीनला सात जन्मांत जमायचा नाही."

धाकटीनेही खाल्लं, रुमालाने ओठ टिपले आणि परत खाल्लं. नवरा मान वर करेना. आता ताईने एक वाक्य बोलायचं, की खोली तिची. तिने तोंड उघडलंसुद्धा.

पण धाकटी आधी बोलली. "विकतचं असणार. भाऊजींच्या हातून आजवर काही धड झालंय का?"

हे वाक्य ताईचं होतं. इतकी वर्षं ते बोलायचा हक्क तिने या माणसाबरोबर संसार करून कमावला होता, आणि ही बया नुसती जेवायला येऊन ते वापरत होती. ताईच्या डोळ्यांसमोरून खिडकी, मशीन आणि तिची कंबर अशी सगळी सरकत गेली.

"घरचंच आहे," ती म्हणाली. "पंखासुद्धा त्यांनीच बसवलाय. घे ना अजून."

धाकटीचं तोंड इतकं उतरलं की ताईला कमरेच्या कळेचा क्षणभर विसर पडला. नवऱ्याची मान मात्र हळूहळू वर आली, आणि जेवण संपेपर्यंत तो साडूला थंड धुराचं शास्त्र समजावत होता. त्याला स्वतःला ते पटलेलंही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी साडूचा टेम्पो आला. आपलं विकतचं यंत्र त्याने पाठवून दिलं होतं. हे मोडून साडूभाऊंनी आपल्यालाही तसाच डबा करून द्यावा, असा निरोप होता. ताई नेहमीसारखंच पलंगाखालून शिलाई मशीन ओढत असताना नवऱ्याने ते धूड मागच्या खोलीच्या दारातच बसवलं. आत जायला आता वाटही उरली नव्हती, पण यंत्रावरचं लेबल सरळ होतं आणि बाहेरून स्वच्छ वाचता येत होतं.